डायनिंग टेबलवर रंगीत काचेचा लटकता दिवा, कोणता घेऊ?

टेबल ४ फुटी, चार जणांचं. बायकोला गडद निळा-लाल आवडलाय, मी म्हणतो वरण निळं दिसेल :) शिवाय वर फॉल्स सीलिंग आहे, वजन पेलेल का?

डोंबिवलीकर: वरण पिवळंच राहील हो, शेड खालून उघडी असली की ताटात सरळ बल्बचा उजेड पडतो, रंग फक्त बाजूला दिसतो. पण गडद काच उजेड खाते, खोली अंधारी वाटते, म्हणून मी तरी मधाच्या रंगाची किंवा क्रीम घेईन. बल्ब २७०० केल्विनचा (म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा), दुधी काचेचा. शेड १४-१६ इंच, टेबलापासून साधारण ३० ते ३४ इंच वर.

वायरमन_काका: फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डाला अजिबात लटकवू नका!! वर स्लॅबला फास्टनर मारून हुक, आणि वजन साखळीवर, वायरवर नाही.

काचवेडी: घेताना सांध्यांवरून हात फिरवून बघा, टिफनी पद्धतीत (रंगीत काचेचे तुकडे जोडून शेड बनवतात ती) प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पट्टी लावून वरून सोल्डर करतात त्यामुळे सांधे उंच लागतात, नुसता रंग मारलेला असेल तर सपाट. सोल्डरमध्ये बहुतेक वेळा शिसं असतं, पुसल्यावर हात धुवा. आणि किचन ओपन असेल तर फोडणीचा चिकट थर बसतोच, आमच्याकडे दर महिन्याला हेच काम.

मूळ प्रश्नकर्ता: किचन ओपनच आहे :( पुसायचं कोणी यावर आता घरात चर्चा सुरू.