लाईट गेली की अलार्मचा भोंगा थांबतच नाही, वायरिंगमध्ये काय चुकलंय?

सोनचाफा:

नमस्कार. जाणकारांनी कृपया मदत करावी.

आमचं घर देवरुखजवळच्या एका वाडीत आहे. मी ठाण्यात, घरी आई एकटी, वय 74. गेल्या वर्षी पलीकडच्या वाडीत एक बंद घर फोडलं, तेव्हापासून तिला रात्री धड झोप नाही. म्हणून मे महिन्यात रजा काढून मीच अलार्म बसवला. 230 व्होल्टचं काम तेवढं गावातल्या वायरमनने केलं, बाकी सगळं माझ्या हातचं.

पॅनेल आठ झोनचं, म्हणजे आठ जागांच्या तारा वेगवेगळ्या जोडता येतात असं, माजघरात. सोळा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि 12 व्होल्ट 7 एएच (अँपिअर-तास) बॅटरी, घरच्या जुन्या यूपीएसमधली. पुढच्या आणि मागच्या दाराला चुंबकाचे काँटॅक्ट. तिसऱ्या झोनवर पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा), तो बागेकडच्या खोपीत आहे. सुपारी आणि पंप तिथेच असतो. भोंगाही खोपीच्या आढ्याला लावलाय, म्हणजे वाडीत ऐकू जाईल. खोपीपर्यंत तीन जोड्यांची जुनी टेलिफोन केबल आधीपासून होती, साधारण 45 मीटर. तीच वापरली.

लाईट असताना सगळं बरोबर चालतं. मुद्दाम वाजवून पाहिलं: भोंगा चार मिनिटं वाजतो, थांबतो, गप्प. जूनमध्ये तारेवर झाड पडून लाईट गेली आणि त्या रात्री आई अलार्म लावून काकूंकडे झोपायला गेली होती. खोपीत मांजर शिरलं असावं. भोंगा चार मिनिटं वाजला, थांबला, मिनिटभराने पुन्हा सुरू. बॅटरी संपेपर्यंत हेच. पावसात काकांना छत्री घेऊन जाऊनही काही करता आलं नाही, कोड फक्त आईला माहीत होता आणि ती इतकी घाबरली की तिला तो आठवेना.

त्यानंतर लाईट गेली की आई अलार्म बंदच करते. म्हणजे काळोख असतो नेमका तेव्हा घर उघडं. मला हे फार लागलंय. पॅनेल बदलू का? की सेन्सर खराब आहे?

मल्टिमीटर:

पॅनेल बदलू नका, अजून पैसे घालू नका. दोनच गोष्टी सांगा. भोंग्याची ऋण तार कुठून गेली आहे? आणि भोंगा वाजत असताना सेन्सरच्या टर्मिनलवर किती व्होल्ट मिळतात? पॅनेलवर नव्हे, खोपीत, सेन्सरपाशी. मोजताना मेन स्विच बंद ठेवा, म्हणजे सगळं बॅटरीवर चालेल. बॅटरी आधी पूर्ण चार्ज होऊ द्या.

सोनचाफा:

सहा तारांपैकी चार सेन्सरला, एक भोंग्याच्या धनाला. सहावी मध्येच तुटलेली निघाली, बहुतेक उंदराने कुरतडली असेल. म्हणून भोंग्याचं ऋण सेन्सरच्या ऋणालाच जोडलं. हे चुकलं का?

काल शनिवारी मुद्दाम गावी जाऊन मोजलं. बॅटरीवर, भोंगा वाजताना पॅनेलपाशी 11.2, खोपीत सेन्सरवर 9.2. भोंगा थांबला की सेन्सरवर पुन्हा 12 च्या वर. लाईट असताना भोंगा चालू केला तर खोपीत 11.6. सेन्सरच्या कागदावर किमान 9.5 लिहिलंय.

मल्टिमीटर:

सापडलं. तुमचं मोजमापच बोलतंय.

टेलिफोनची तार अर्धा मिलिमीटर जाडीची असते. 45 मीटरच्या एका तारेचा रोध चार ओहमच्या आसपास. सेन्सर एकटा असेल तर तो पंधरा-वीस मिलिअँपिअर घेतो, त्याने काहीच बिघडत नाही. भोंगा अर्धा अँपिअर घेतो आणि तो सगळा त्याच ऋण तारेतून परत येतो. चार ओहम गुणिले अर्धा अँपिअर, दोन व्होल्ट वाटेतच गेले. लाईट असताना पॅनेल 13.6 देतं, दोन गेले तरी सेन्सर जिवंत. बॅटरीवर तो 9.5 च्या खाली जातो आणि बंद पडतो. भोंगा थांबला की वीज परत मिळते, सेन्सर नव्याने सुरू होतो, आणि सुरू होताना त्याचा काँटॅक्ट उघडून मिटतो. पॅनेलला ते खोपीत कोणी शिरल्यासारखंच दिसतं. पुन्हा भोंगा.

भोंग्याला स्वतंत्र दोन तारांची केबल टाका, किमान एक चौरस मिलिमीटर. 45 मीटर जाऊन-येऊन एक व्होल्टसुद्धा जाणार नाही. ती बागेतून जाणार, तर पाइपातून न्या आणि पंपाच्या 230 च्या तारेपासून निदान फूटभर लांब ठेवा.

बॅटरीही बदला. अर्ध्या अँपिअरला 11.2 वर येणारी 7 एएचची बॅटरी थकलेली आहे. चांगली बॅटरी एवढं पॅनेल दिवसभर सहज चालवते.

आणखी एक विचारतो: झोनचे रेझिस्टर (तारेत बिघाड झाला तर पॅनेलला कळावं म्हणून लावतात ते) कुठे बसवलेत?

सोनचाफा:

पॅनेलच्या पेटीतच, टर्मिनलवर. 5.6 किलोओहम, हिरवा-निळा-लाल. पुस्तकात तेवढेच सांगितलेत. पेटीत लावायला सोपे गेले.

गवळणवाडी:

मध्येच बोलतो. ते रेझिस्टर सेन्सरच्या आणि दारांच्या टोकाला न्या, नाहीतर ते असून नसल्यासारखे आहेत. पेटीत असताना वाटेत कुठेही दोन तारा एकमेकींना चिकटल्या, पावसाने असो वा कोणी मुद्दाम केल्या असोत, पॅनेलला दार मिटलेलंच दिसणार. टोकाला असतील तर तार तुटली तरी कळतं, चिकटली तरी कळतं.

आणि सेन्सरच्या पेटीत केबल शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवा. आमच्याकडे राजापूरला आत मुंग्यांनी घर केलं होतं, महिनाभर खोटे अलार्म.

सोनचाफा:

दोघांचे मनापासून आभार. महिनाभर सेन्सरवर संशय घेत बसलो होतो. गणपतीला चार दिवस जातोय, केबल आणि बॅटरी लॅमिंग्टन रोडवरून घेऊन जाईन. पण तोवर तीन आठवडे आहेत आणि लाईट रोज जाते. आईला तोपर्यंत अलार्म वापरता येईल असं काही करता येईल का?

मल्टिमीटर:

येईल. काकांना पॅनेलच्या पेटीतली भोंग्याची धन तार सोडवून तिच्या टोकाला टेप लावायला सांगा. एवढी एकच. कीपॅडवर भोंग्याची तार सुटल्याची तक्रार दिसू शकेल, ती दिसू दे. काही झालं तर कीपॅड घरात वाजेल, तो आईला ऐकू जाईल. सेन्सर लाईट नसतानाही नीट चालेल. आणि कोड काकांनाही सांगून ठेवा.