बाबासाहेबांचं लंडनमधलं घर: जाऊन आलेल्यांनी लिहा

१० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेऊन तिथे संग्रहालय केलं. जे गेले असतील त्यांनी चार ओळी का होईना, लिहा. सुरुवात मी करते.

मी नांदेडची. बाबासाहेबांची जागा म्हटलं की दीक्षाभूमी, चैत्यभूमी, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल हेच डोळ्यांपुढे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत गेले तर शांत रस्ता, एकाला एक लागून घरं आणि त्यातल्या एकावर निळी गोल पाटी. नाव दोनदा वाचलं. आत जाताना कुणी सांगितलं नव्हतं, तरी बूट दारातच काढले.

*

जय भीम. मी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इथे शिकलो. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडचं कर्ज, एवढ्यावर बाबासाहेब १९२० मध्ये लंडनला परतले, हे लहानपणापासून पाठ होतं. रात्री भूक लागली की पापडांवर भागवायचे, हेही. पण त्या घरात उभा असताना आठवलं, माझ्या खोलीवर आईने दिलेल्या उडदाच्या पापडांचा डबा आहे आणि मी ते जेवणात तोंडी लावायला खातो. ते पापड खाऊन रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते, बॅरिस्टरीचाही अभ्यास चालू होता. माझा प्रबंध तेव्हा दोन महिने अडला होता. त्या रात्री परत लिहायला बसलो.

*

आईला घेऊन गेलो होतो. तिला वाचता येत नाही. फोटोंपुढून ती हळूहळू फिरली, मग खिडकीशी थांबली. "थंडीत अंगावर पुरेसं असंल का रं त्यांच्या?" एवढंच बोलली.

*

हे घर हातचं जाणार होतं, ते विसरू नका. शेजाऱ्यांनी गर्दीची, आवाजाची तक्रार केली, स्थानिक कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली. २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये अपील मंजूर झालं. त्या बातमीने घरात आम्ही खीर केली होती.

*

मी लंडनला गेलेली नाही, तरी लिहिते. परळच्या बीआयटी चाळीजवळ आमचं घर. बाबासाहेब तिकडे शिकत होते तेव्हा रमाई या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार ओढत होती. आमची आजी चाळीवरून जाताना जिन्याकडे बघून हात जोडायची. लंडनच्या घराबद्दल वाचताना मला तोच जिना दिसत राहिला.

*

ताई, मी पुढच्या महिन्यात मुंबईत येतेय. परळला आले तर चाळ दाखवाल का?