मदत हवी आहे: संगणकीय विज्ञानात पीएच.डी., फेलोशिप निवडताना काय बघावं?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, गणितात एम.एस्सी. शेवटचं वर्ष. संगणकीय विज्ञानात (संगणकावर मॉडेल करून विज्ञानाचे प्रश्न सोडवणं) पीएच.डी. करायचीच आहे. फेलोशिपबद्दल जाणकारांचा सल्ला हवाय.

आधी माझा प्रकल्प सांगते, म्हणजे अडचण कळेल. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमणीतला धूर कसा पसरतो, याचं त्रिमितीय मॉडेल मी पायथनमध्ये लिहिलंय. त्यात हवा बिंदूंच्या जाळीत विभागलेली असते; ही जाळी दुप्पट बारीक केली की बिंदू आठपट होतात. विसरणाचं (धूर हवेत पसरत विरळ होण्याचं) समीकरण साध्या पद्धतीने सोडवायचं तर वेळेची पायरीही चौपट लहान करावी लागते. म्हणजे काम ३२ पट! कॉलेजच्या लॅबमधला पीसी तिथेच मान टाकतो. गणित जमतं, पण समांतर प्रोग्रॅमिंग (काम अनेक प्रोसेसरवर एकाच वेळी वाटून चालवणं) कधी शिकवलंच गेलं नाही आणि हवेचं भौतिकशास्त्र अर्धवट कळतं.

माझी मामेबहीण अमेरिकेतच जन्मलेली. तिला तिथल्या ऊर्जा विभागाची कम्प्युटेशनल सायन्स ग्रॅज्युएट फेलोशिप आहे, १९९१ पासून चालू असलेली. चार वर्षांपर्यंत फी आणि स्टायपेंड मिळतो, ते ठीकच. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. आपल्या मूळ विषयासोबत गणित आणि संगणकशास्त्राचे कोर्स घ्यावेच लागतात. शिवाय १२ आठवडे ओक रिज, आर्गॉनसारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, प्रबंधापेक्षा वेगळ्या विषयावर काम करायचं. मला नेमकं हेच हवंय! पण अर्ज फक्त तिथले नागरिक आणि कायम रहिवासी करू शकतात.

आपल्याकडे जेआरएफचे (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) महिना ३७,००० आणि घरभाडे भत्ता. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये पहिली दोन वर्षं महिना ७०,०००, वर वर्षाला २ लाखांचं संशोधन अनुदान. बाबा म्हणतात, जिथे पैसे जास्त तिथे जा. घराचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे त्यांचं चूक नाही. पण तीन विषयांचं शिक्षण आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतला अनुभव इथे कसा मिळवायचा?

प्रतिसाद १
ताई, आपल्याकडे फेलोशिप पैसे देते, शिक्षणाची रुंदी विभाग देतो. त्यामुळे आधी विभाग निवडा. बंगळूरच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्था) कम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस हा स्वतंत्र विभाग आहे. परम प्रवेग हा ३.३ पेटाफ्लॉप्सचा (सेकंदाला ३३०० लाख कोटी आकडेमोडी करणारा) महासंगणकही त्याच संस्थेत, २०२२ पासून. हवेच्या प्रदूषणावरच काम करायचं तर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) तुमच्या गावातच आहे. तिथे एसीएसआयआरमार्फत (अकादमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्च) पीएच.डी. होते.

गाईडना आधीच स्पष्ट विचारा: बाहेरच्या विभागातले कोर्स घेऊ देणार का? दोन-तीन महिने दुसऱ्या संस्थेत पाठवणार का? आणि हेच त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांनाही विचारा, खरं तिथे कळतं.

तोवर इम्प्लिसिट पद्धत (पुढच्या पायरीची सगळ्या बिंदूंची मूल्यं एकत्र सोडवणारी) वापरून बघा. विसरणासाठी पायरी चौपट लहान करायचं बंधन राहत नाही. मात्र प्रत्येक पायरीला समीकरणांची मोठी प्रणाली सोडवावी लागते, म्हणून विरळ मॅट्रिक्सच (शून्यं न साठवणारी) वापरा, नाहीतर मेमरी संपेल. मग आतलं लूप सी भाषेत लिहून ओपनएमपी (पीसीच्या अनेक कोअरवर काम वाटणारं साधन) लावा.

धागाकर्ती
मनापासून आभार! विभाग आधी, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांनाही आता नीट समजावता येईल. इम्प्लिसिट पद्धत आजच बसवते. नीरीत मॉडेलिंगवर पीएच.डी. करणारं इथे कुणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. महासंगणकावर वेळ कसा मिळतो, हे मला त्यांना विचारायचंय.