ब्लूटूथवर लॉसलेस ऐकणाऱ्यांनी जरा हात वर करा

सर्किटराव

परवा एका मित्राने त्याचे नवे इयरबड्स माझ्या कानात कोंबले. "ऐक. लॉसलेस आहे. पैसे भरून घेतलंय." स्क्रीनवर खरोखरच लॉसलेसची पट्टी झळकत होती. विलंबित ख्याल चालू होता आणि सुंदरच चालू होता, पण ते गाणाऱ्या बाईंचं कर्तृत्व. त्यात त्या पट्टीचा वाटा शून्य. हे मी त्याला तिथे सांगितलं नाही, चहा त्याचा होता. इथे सांगतो.

सीडीचा हिशोब सगळ्यांना माहीत असेल, तरी एकदा मांडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून १४११ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तितके हजार बिट. लॉसलेस म्हणजे यातलं काहीही न टाकता नुसती घडी घालून पाठवणं. आता साध्या ब्लूटूथवर जो एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) चालतो तो जास्तीत जास्त ३२८ केबीपीएसच्या आसपास जातो. म्हणजे फोनने फाइल लॉसलेस आणली, उलगडली, आणि हवेतून जाईना म्हणून परत दाबली. दाबताना जे गेलं ते गेलं. टँकरभर पाणी मागवायचं आणि गच्चीवरून खाली अर्ध्या इंचाच्या पाइपने घ्यायचं, असा प्रकार. ॲपलने २०२१ साली लॉसलेस सुरू केलं तेव्हा त्यांनीच सांगून टाकलं होतं की ब्लूटूथवर एअरपॉड्समध्ये ते लॉसलेस राहत नाही. हे बारीक अक्षरातलं असतं, वाचतो कोण?

"वायर लावून ऐक मग कळेल," हे येणारच, म्हणून आधीच करून बघितलं. कॉम्प्युटरवर फूबार २००० नावाचा फुकट प्लेयर आहे, त्याला एबीएक्सची जोड मिळते. अ म्हणजे मूळ फाइल, ब म्हणजे दाबलेली, आणि क्ष या दोघांपैकी कुठलीतरी एक. क्ष कोण ते ओळखायचं. १६ वेळा. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी करून, कारण जरा मोठं वाजलं की तेच चांगलं वाटतं, हा कानाचा जुना दोष आहे. १६ पैकी निदान १२ बरोबर आले तर म्हणायचं की फरक कळतोय. त्याच्या खाली नाणं उडवलं तरी जमतं.

३२० केबीपीएसच्या एमपी३ला माझे आले ९. चांगले वायरचे हेडफोन, रात्री दीड वाजता, पंखा बंद करून.

आणि १२८ला? अभंगाचं रेकॉर्डिंग घेतलं होतं, तिथे १४ आले. पखवाजाची थाप बिचारी तग धरते, गळाही धरतो. पण टाळ वाजला की तापल्या कढईत पाण्याचा शिंतोडा पडल्यासारखं चरचरतं. टाळाचा नाद वरच्या पट्ट्यात असतो आणि अचानक येतो. दोन्ही गोष्टी दाबणाऱ्या गणिताला जड जातात. तुमच्याकडची जुनी डाउनलोड केलेली भजनं लावून बघा, टाळाकडेच कान द्या. एकदा ऐकलंत की मग विसरता येत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की १२८ आणि ३२० यात फरक आहे, ३२० आणि लॉसलेस यात कानासाठी नाही. गाणं बिघडतं ते दुसरीकडेच. कानात नीट न बसणाऱ्या बडमुळे निम्मा खर्ज बाहेर सांडतो. 'रीमास्टर' म्हणून सगळं एकाच पातळीला चेपून मोठं केलेलं असतं. तिकडे कोणी बघत नाही, पट्टी मात्र बघतात.

तंबोरा

साफ असहमत. आणि "कानासाठी नाही" म्हणताना कोणाच्या कानासाठी, तेही सांगा.

तुमची चाचणी पाच-दहा सेकंदांच्या तुकड्यांवर होते. ख्याल असा ऐकतात का हो? पाऊण तास आलाप चालला आहे, तंबोरा मागे अखंड वाजतो आहे, आणि तुमचं मन त्या जवारीवर, तारेच्या झंकारावर, हळूहळू बसतं. दाबलेल्या फाइलवर मला वीस मिनिटांनी कंटाळा येतो, मूळ सीडीवर येत नाही. हे मी वर्षानुवर्षं अनुभवतोय. १६ वेळा बटण दाबून ते सापडणार नाही, कारण ते दहा सेकंदांत नसतंच. तंबोऱ्याच्या एका तारेतून किती स्वयंभू स्वर उमटतात ते कुठल्याही शिकवणीच्या पहिल्या महिन्यात ऐकवतात. गांधार वाजवलेला नसतो, तरी ऐकू येतो. तो इतका नाजूक आहे की "हा ऐकू येणार नाही" असं ठरवून टाकून देणाऱ्या यंत्रावर मी विश्वास ठेवणार नाही.

दुसरं. ब्लूटूथ म्हणजे फक्त एसबीसी नव्हे. सोनीचा एलडीएसी कोडेक ९९० केबीपीएसपर्यंत जातो. एपीटीएक्स लॉसलेस नावाचाही एक कोडेक आहे. तुम्ही सगळ्यात गरीब उदाहरण घेऊन सगळ्यांना झोडपताय.

निवांत

दोघांनाही दंडवत. मी चहाबरोबर खारी घेऊन बसलोय, चालू द्या.

लालपरी

रोज सकाळी एसटीने दीड तास आणि संध्याकाळी दीड तास. माझी सीट बहुतेक वेळा इंजिनाजवळची. अशा ठिकाणी १४११ काय नि ३२० काय. खिडकीच्या काचेचा खडखडाट दोन्हींपेक्षा मोठा आहे. डेटा वाचावा म्हणून मी सगळं कमीतकमी क्वालिटीवर ठेवलंय आणि गाणी पाठ आहेत, राहिलेलं डोक्यात वाजतं. घाटात रेंज गेली की तर फक्त डोक्यातच वाजतं.

सर्किटराव

@तंबोरा, गांधार ऐकू येतो हे शंभर टक्के मान्य. तो ३२० मध्येही येतो हे माझं म्हणणं. तो गांधार काही मंत्र नाही, तारेच्या कंपनातला पाचवा स्वरांश आहे, खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येवर. पुरुषी पट्टीचा तंबोरा धरला तर खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गांधार ३५०च्या आसपास आला. हा गळ्याच्याच पट्ट्यातला, कानाला सहज ऐकू येणारा भाग आहे. दाबणारं यंत्र तिथे हात लावायला घाबरतं. ते पहिली कात्री चालवतं वरती, १६ हजार हर्ट्झच्या पुढे, जिथे आपल्या वयाच्या माणसांना तसंही काही ऐकू येत नाही.

एलडीएसीचं खरं आहे, पण ते ९९० फोन आणि हेडफोन दोन्हीकडे असेल तर आणि सिग्नल ठणठणीत असेल तर. फोन खिशात टाकून गर्दीत शिरलात की बरेच फोन स्वतःच ६६०, ३३० असे उतरतात. आयफोनवर तर एलडीएसी नाहीच.

वीस मिनिटांनी कंटाळा येतो, यावर वाद घालणार नाही. पण एबीएक्समध्ये वेळेची मर्यादा नसते. पूर्ण ख्याल ऐका, मग बटण दाबा. १६ ख्याल होतील, दोन महिने लागतील. लागू देत की. तुम्हाला माहीत नसताना कंटाळा येतो का, एवढंच बघायचंय.

टेपवाला

कानाचा वाद तुमचा तुम्ही लढा. मी लॉसलेसच्या बाजूने आहे, पण वेगळ्या कारणासाठी.

वडिलांच्या दोनशेच्या वर कॅसेट मी गेली काही वर्षं कॉम्प्युटरवर उतरवतोय. खासगी बैठका, आकाशवाणीवरून टेप केलेलं, कोणाकोणाच्या घरचे गणपतीतले कार्यक्रम. यातलं निम्मं जगात दुसरीकडे कुठेही नाही. सुरुवातीला मीही शहाणपणा केला, सगळं १९२च्या एमपी३मध्ये ठेवलं, कानाला छान वाटत होतं. मग लक्षात आलं की डेकचा वेग जरा जास्त होता. गायक पांढरी एकच्या थोडे वर गात होते, ना पांढरी एक ना काळी एक, अधांतरी. तीन टक्के वेग वाढला की साधारण पाव स्वर चढतो, म्हणजे पांढरी एक ते काळी एक यातलं निम्मं अंतर. तो दुरुस्त करायचा, मग घरघर कमी करायची, मग कोणीतरी म्हणणार तुकडे करून पाठव. दर वेळी फाइल उघडून परत एमपी३ केली की झेरॉक्सची झेरॉक्स. चौथ्या फेरीत टाळ काय, तबल्याची चाटसुद्धा भुसभुशीत झाली होती.

सगळ्या कॅसेट परत पहिल्यापासून उतरवल्या. काही तोवर चिकटल्या होत्या, त्या गेल्याच.

म्हणून ऐकायला काहीही वापरा, साठवायला फ्लॅकच, म्हणजे लॉसलेस फाइलचा प्रकार. फुकट आहे, २००१ पासून आहे, सीडीच्या साधारण निम्म्या जागेत बसतं. तासाभराची सीडी ६३५ एमबी, फ्लॅक तीनशे-साडेतीनशे. आजच्या हार्ड डिस्कच्या भावात यावर चर्चासुद्धा होऊ नये.

अवांतर: विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे सीडीवर ट्रॅक बदलतो, गाणं थांबत नाही. एमपी३ करताना प्रत्येक ट्रॅकच्या आधी-नंतर किंचित शांतता चिकटते, आणि बरेच प्लेयर ती गाळत नाहीत. ऐन समेच्या तोंडाशी गचका बसतो. पायरी चुकल्यासारखं होतं. फ्लॅकला हा आजार नाही.

सर्किटराव

@टेपवाला, साठवणीचं पूर्ण मान्य, मूळ धाग्यात लिहायला हवं होतं. समेवरचा गचका तर मी स्वतः इतकी वर्षं सोसलाय की तो त्या रेकॉर्डिंगचाच भाग वाटायला लागलाय.

एक मात्र विचारतो. तुमच्या ग्रुपवर जी 'फ्लॅक' फिरतात ती उघडून बघता का? मी मागे स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये अशा दहा फाइल टाकल्या. तो आवाजाचा नकाशा काढून देतो, खाली खर्ज, वर तार. खऱ्या सीडीवरून आलेल्या फाइलचा रंग बहुतेक वेळा २० हजारच्या पुढे विरत जातो. या दहांपैकी सहांत १६ हजारला सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ होती, वर काळाकुट्ट अंधार. म्हणजे कोणीतरी १२८चं एमपी३ घेऊन फ्लॅकच्या डब्यात भरलं होतं. त्या फाइलींखाली "काय ती स्पष्टता!" असे अभिप्राय होते. एक माझाही होता.

न्यू जर्सीची मावशी

तुम्ही सगळे १६ हजारवर भांडताय, आमच्याकडे अख्खा तंबोरा गायब होतो त्याचं काय?

माझी मुलगी पुण्यातल्या बाईंकडे ऑनलाइन गाणं शिकते. आमची शनिवारची सकाळ, त्यांची संध्याकाळ. सुरुवातीचे कितीतरी आठवडे बाई म्हणायच्या, "तंबोरा लाव गं," आणि ही म्हणायची, "लावलाय." बाईंना ऐकूच येत नव्हता. पहिली दोन सेकंदं यायचा, मग कोणीतरी हळूच बटण फिरवल्यासारखा विझायचा. नंतर कळलं की व्हिडिओ कॉलचं ॲप सलग वाजणाऱ्या आवाजाला पंखा किंवा एसी समजतं आणि पुसून टाकतं. तंबोऱ्याचा गुणच तो, सलग वाजणं! लांबवलेला षड्ज धरला तर तोही अर्ध्यात कापायचं. बाईंना वाटायचं पोरीचा श्वास पुरत नाही. ओरडा खाल्ला बिचारीने.

शेवटी सेटिंगच्या आत खोल कुठेतरी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचा पर्याय सापडला. आता तंबोरा जातो, आणि त्याबरोबर आमचा डिशवॉशरही जातो. बाई विचारतात, हे कुठलं वाद्य.

टेपवाला

@मावशी, हाच प्रकार काही 'रिस्टोर' केलेल्या जुन्या रेकॉर्डिंगमध्येही होतो. घरघर काढायच्या नादात मागचा तंबोरा पातळ होऊन जातो आणि गळा एकटाच पोकळीत लटकतो. मी आता घरघर तशीच ठेवतो. कान पाच मिनिटांत तिला बाजूला सारतो.

लालपरी

मावशी, डिशवॉशरची पट्टी कुठली?

तंबोरा

उशिरा लिहितोय, कारण सर्किटरावांनी डिवचलं म्हणून ते फूबार उतरवून बसलो होतो. भाच्याने फाइली तयार करून दिल्या, मला नावं दिसू न देता. तुकडे नाहीत, प्रत्येक वेळी निदान दहा मिनिटं ऐकली. बारा दिवस लागले.

१६ पैकी ८.

भाच्याला म्हटलं, काहीतरी चुकलंय, परत लाव. आता दुसरी फेरी चालू आहे. चार झाल्या आहेत, आणि या वेळी तीन बरोबर आहेत. थांबा जरा.