मदत हवी आहे: दिवसभर मराठी टायपिंग, हात गेले माझे, कीबोर्ड कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातून (जि. यवतमाळ) लिहून राहिली. झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे, वारसनोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्र, ठराव, भाडेपत्र, जे येईल ते टाइप करते, सकाळी 10 ते संध्याकाळी 6, अन् मार्चमध्ये तर डबा उघडायलाही उसंत नसते. सगळं रेमिंग्टनमध्ये, म्हणजे जुन्या टाइपरायटरवालीच अक्षरांची मांडणी. मी जुन्या टाइपरायटरवर शिकलेली, मिनिटाला 30 अन् 40 शब्दांच्या मराठी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा मशीनवरच पास झाली, त्यामुळे हात अजून तसाच जोरात पडते. नवरा म्हणते टाइप करून राहिली का मिरच्या कुटून राहिली?

आता प्रॉब्लेम असा की ते चारशे-पाचशेवाले साधे कीबोर्ड माझ्याकडे वर्षात दोन लागतात. सगळ्यात आधी के ची की जाते. रेमिंग्टनवाल्यांना माहीतच आहे, काना तिथेच, अन् नुसता काना नाही, ण, श, ध, भ पूर्ण करायलाही तीच मारा लागते. आताच्या कीबोर्डवर तिचं अक्षर तर केव्हाच पुसलं, आता ती खाली गेली की वर यायला विचार करते. परवा एका प्रतिज्ञापत्रात 'वारस' चं 'वरस' झालं, स्टॅम्प पेपरवर प्रिंट निघाल्यावर दिसलं, पेपरचे पैसे माझ्या खिशातून. आणि ते काना मारणारं उजव्या हाताचं मधलं बोट अन् मनगटाच्या वरचा भाग संध्याकाळी इतका दुखते की भाकरी थापता येत नाही.

मेकॅनिकल घ्या म्हणतात सगळे. पण ब्लू, ब्राउन, रेड हे काय लफडं आहे ते समजेना. बजेट 3500. नंबरपॅड पायजेच, गट नंबर, क्षेत्र, आधार नंबर, आकडेच आकडे असतात. दुकानामागेच घर आहे, सासरे दुपारी झोपतात, म्हणून आवाजाची भीती. इथे हात लावून पाहायला मिळत नाही, मेकॅनिकल म्हटलं तर दुकानदार गॅरेजचा पत्ता सांगते.

आणि कृपया भाऊ लिहू नका, मी ताई आहे.

वऱ्हाडी ठेचा:
ताई, साध्या कीबोर्डात खाली रबराची टोपी असते, ती पुरी दबल्याशिवाय अक्षर उमटत नाही, म्हणून हात तळापर्यंत आपटाच लागते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असते, की साधारण 4 मिलिमीटर खाली जाते पण अक्षर अर्ध्यावरच, 2 च्या आसपास, लागून जाते. रंगाचं म्हणाल तर ते स्विचचे प्रकार आहेत, ब्लूमध्ये टिक वाजते अन् बोटालाही कळते की झालं, ब्राउनमध्ये हलकासा गचका लागते पण टिक नाही, रेड सरळ खाली जाते. चेरी ही स्विच बनवणारी कंपनी, तिच्या रेडला 45 ग्रॅमच्या जवळपास जोर लागते, ब्लूला 60. आता लोक तुम्हाले सांगतील रेड हलकं, रेड घ्या. ऐकू नका. तुमच्यासारख्या कुटणाऱ्या हाताले रेडमध्ये अडवणारं काहीच नाही, थेट तळावर आपटसान. टाइपरायटरवाल्यांसाठी ब्लूच, टिक वाजली की बोट उचलायची सवय लागते, थोडा वेळ जाते पण लागते. टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड पाहा, त्यात टिक वाजणारे ब्लू स्विच येतात, नंबरपॅडही आहे, कोर्टाबाहेरच्या टायपिस्ट लोकांकडे तुम्ही पाहिलाच असेल. सासरेबुवा चिडले तर मग ब्राउन.

संत्रानगरी:
कीबोर्ड घ्याच, पण आधी सांगा टेबल केवढा उंच आहे? खुर्चीत बसल्यावर कोपर काटकोनात अन् मनगट सरळ राहिलं पायजे. आणि कीबोर्डच्या मागचे दोन पाय उभे करत असाल तर ते आजच पाडा, त्यानं मनगट वर मुडपते. नंबरपॅडमुळे माउस लांब जातो, तो खांदा ओढते, जमलं तर माउस डाव्या हातानं वापरून पाहा.

दुसरं म्हणजे रेमिंग्टन सोडून इन्स्क्रिप्ट ही दुसरी कीबोर्ड मांडणी शिका. त्यात मात्रा डाव्या हाताला अन् व्यंजनं उजव्या हाताला आहेत, काना डावीकडे जातो. त्या बोटाले सुटी भेटेल.

धागाकर्ती:
टेबल सासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनचं आहे हो 🙈 उंचच आहे. पाय पण उभेच होते, आत्ता पाडले. इन्स्क्रिप्टचं नाव काढू नका, इतक्या वर्षांचा हात आहे, गिऱ्हाईक समोर उभं अन् मी अक्षर शोधत बसू का?

पऱ्हाटीवाला:
एक विचारतो ताई, रात्री मुंग्या येऊन झोप मोडते का? अंगठा अन् त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात का? तसं असलं तर मनगटात नस दबत असू शकते, माझ्या बायकोचं तेच निघालं, ती तर टाइप पण करत नाही, कापूस वेचून झालं. तसं असेल तर कीबोर्डाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरले दाखवा.

धागाकर्ती:
नाही दादा, मुंग्या नाही, नुसतं दुखते अन् रविवारी बरं असते. तरी पुढच्या आठवड्यात यवतमाळला जाणं आहे, दाखवूनच घेते.

खुर्चीवर घडी केलेली सतरंजी टाकून उंच केली, पाय लटकून राहिले म्हणून खाली वीट ठेवली, गिऱ्हाईक हसून राहिले, हसू द्या. सासऱ्यांना ब्लूच्या आवाजाचा व्हिडिओ ऐकवला तर म्हणाले यापेक्षा तुझं कुटणं जास्त ऐकू येते, घेऊन टाक. तर ब्लूच ऑर्डर करून राहिली.

आता फक्त एक सांगा, दुकानात एक पोरगी हाताखाली शिकून राहिली, तिला अक्षरं दिसल्याशिवाय जमत नाही. रेमिंग्टन मराठीचे स्टिकर कोणी लावले आहेत का, अन् घामानं निघून तर जात नाहीत ना? आमच्याकडे मे महिन्यात फॅनची हवाही गरम लागते.