टीना टर्नरचा ‘प्रायव्हेट डान्सर’ तुमच्याकडे कसा आला?

कपाट आवरताना ‘प्रायव्हेट डान्सर’ची कॅसेट हाती लागली. अमेरिकन गायिका टीना टर्नरचा मे १९८४चा अल्बम. टीना तेव्हा ४४ वर्षांची होती. मामाने ही कॅसेट १९८५ साली मस्कतहून आणली, तेव्हा मी बारावीत होते. शब्द निम्मे कळायचे नाहीत, पण तो खरखरीत आवाज घरात घुमला की आजीसुद्धा तांदूळ निवडता निवडता थांबायची.

तिची हकिकत फार नंतर वाचली. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून जुलै १९७६मध्ये ती डॅलसच्या हॉटेलातून निघाली, तेव्हा जवळ फक्त ३६ सेंट होते. पुढचे दोन एकल अल्बम पडले. हॉटेलांत कार्यक्रम करून तिने कर्ज फेडलं. आणि मग हा अल्बम आला!

तुम्हाला तो कधी, कुठे भेटला? सविस्तर लिहा.

नाशिककर

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. शीर्षकगीत मार्क नॉफ्लरने स्वतःच्या बँडसाठी लिहिलेलं, पण पुरुषाच्या तोंडी शोभेना म्हणून बाजूला पडलं होतं. टीनाने गायलं तेव्हा त्यात जेफ बेकने गिटार वाजवली. तो तुकडा बसवायला मला अख्खा पावसाळा लागला. कॅसेट मागेपुढे करून करून नेमकी तेवढ्याच जागी फीत घासली.

शिवणयंत्र, सांगली

माझा घटस्फोट झाला तेव्हा मी ४१ वर्षांची होते. १९७८च्या घटस्फोटात टीनाने जवळजवळ सगळ्यावर पाणी सोडलं, पण ‘टीना टर्नर’ हे नाव सोडलं नाही. हे बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “त्याच माणसाने ठेवलेलं नाव कशाला हवं?” मला मात्र चटकन कळलं. नाव त्याने ठेवलं असेल, चालवलं हिने.

माझ्या शिवणाच्या दुकानाची पाटी सासरच्या आडनावाची होती. पंधरा वर्षं गिऱ्हाईक त्या पाटीवर यायचं, ते माझ्या हातच्या कामामुळे. मी पाटी उतरवली नाही. गल्लीत बोलणं झालंच, माहेरीही झालं.

दुपारी दुकानात कुणी नसलं की ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ लावायचे. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं, ग्रॅमी मिळवलेलं हे गाणं सुरुवातीला तिला स्वतःला आवडलं नव्हतं म्हणे. त्यात ती ओरडत नाही. सोसून झालेली बाई जशी आवाज न चढवता बोलते, तशी गाते. ते गाणं ऐकत मी किती ब्लाउज बेतले असतील!

जुना श्रोता

माझं मत थोडं वेगळं आहे. टीनाचंच १९६६चं ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ हे गाणं ज्याने आधी ऐकलं, त्याला हा अल्बम चकचकीत वाटणारच. सिंथेसायझरने आवाजाच्या कडा घासून टाकल्यात. यातलं ‘लेट्स स्टे टुगेदर’ मात्र अपवाद. सुरुवातीला नुसता मंद सूर आणि ती! तेवढ्यासाठी मी अल्बम जपून ठेवलाय.

डॉक्टर, सध्या लीड्स

मार्च १९८५, बर्मिंगहॅमचं एनईसी सभागृह, टीनाचा कार्यक्रम. रात्रपाळी करून, न झोपता गेलो होतो. माझ्या आजूबाजूला विशीतली पोरं होती. टीनाचा आधीचा नवरा आईक टर्नर कोण, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ही नवीच गायिका होती, आणि तिचं प्रत्येक गाणं त्यांना पाठ होतं. आपण सगळे पुनरागमन म्हणतो, पण पुढे ती स्वतःच म्हणाली की हे पुनरागमन नव्हे, टीना इथे पहिल्यांदाच आली. मी त्या गर्दीत उभा होतो, त्यामुळे मला ते शब्दशः पटतं.

धागाकर्ती

सांगलीच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. पाटी अजून आहे?

शिवणयंत्र, सांगली

आहे की. गेल्या दिवाळीत रंगवून घेतली. आडनाव तेच ठेवलं, त्याच्या वर माझं नाव दुप्पट मोठं काढायला सांगितलं.