मतदानात ती रोज हरते. काय करावं?

प्रश्न – नवीताई
माझ्या बालवर्गात चार-पाच वर्षांची मुलं आहेत. लोकशाहीची सवय लागावी म्हणून मोकळ्या वेळेतला खेळ आम्ही हात वर करून ठरवतो. एका मुलीची घरची भाषा वेगळी आहे. तिला ठोकळे हवे असतात, बाकीच्यांना पकडापकडी. रोज तेच. आता तर ती हातच वर करत नाही. मतदान बंद करू का?

उत्तर – बालवर्गवाली
बंद करू नका ताई, पण सगळ्यात शेवटी घ्या. आधी गोलात बसून बोलणं होऊ द्या. नुसते हात मोजले की मुलं एवढंच शिकतात, की आपण जास्त असलो म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची गरज नाही. आणि जी कायम एकटीच असते, ती काय शिकते हे तुम्ही बघताच आहात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं १२ वं कलम मुलाचं म्हणणं ऐकून त्याला वजन द्यायला सांगतं. इतक्या लहान मुलांना कसलं मत, असं अनेकांना वाटतं. पण या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ मध्येच स्पष्ट केलंय की बोलता-लिहिता येण्याच्या कितीतरी आधीपासून मुलं आपली इच्छा व्यक्त करत असतात. तिने हात खाली ठेवला, तेही तिचं म्हणणंच आहे.

माझ्या वर्गात खेळांची चित्रं मध्ये मांडते. ज्याला जे हवं ते उचलून त्याने दाखवायचं, हवं तर करूनही दाखवायचं. मग विचारते, "हिला ठोकळे हवेत, आपल्याला पळायचंय. दोघांचं कसं जमेल?" एकदा एका मुलाने सुचवलं, ठोकळ्यांचं घर बांधू आणि पळून दमलं की तिथे शिरायचं, तिथे राज्य येत नाही. घर कसं बांधायचं हे ठोकळेवाली ठरवणार! वेळ फार जातो, पण तो जाऊ द्यावा.

उत्तर – एक पालक
एक विनंती. घरीही शाळेचीच भाषा बोला, असं तिच्या आईवडिलांना सांगू नका. आम्हाला तसं सांगितलं होतं आणि मुलगा आजीशी बोलेनासा झाला. त्याच कराराचं २९ वं कलम मुलाच्या स्वतःच्या भाषेचा आदर राखायला सांगतं.

नवीताई
दोघांचेही आभार. चित्रं आजच काढायला घेते. तिच्या आईला वर्गात बोलावून त्यांच्या भाषेतला एखादा खेळ सगळ्यांना शिकवायला सांगितलं, तर त्या मुलीला अवघडल्यासारखं होईल का?

बालवर्गवाली
आधी तिलाच विचारा.